बर्गेन : आसऱ्याचें गांव



आपल्या जुन्या कागदपत्रांत डच लोकांस ‘वलंदेज’ म्हटलेलें आढळतें. सतराव्या शतकांत वेंगुर्ल्यास त्यांची वखार होती आणि तिच्या पडक्या भिंती आजही उभ्या आहेत. त्यामुळें वलंदेज म्हटला कीं आपल्या डोळ्यांसमोर येतो तो व्यापारी : जहाजें बाळगणारा, मिरीचा भाव ठरविणारा आणि हातांतला तराजू खालीं न ठेवणारा. शाळेंतल्या भूगोलानें या चित्रांत समुद्रास अडविणारे बांध, पवनचक्क्या आणि दुभत्या गाई यांची भर घातली. हें चित्र खोटें नाहीं. पण तें अपुरें आहे. आज ज्या गांवाची हकीकत मी आपणांस सांगणार आहें, तें ना व्यापाराचें, ना बंदराचें. चित्रकारांचें आणि कवींचें गांव म्हणून तें हॉलंडांत ओळखलें जातें. त्याचें नांव बर्गेन.

नॉर्वे देशांतील बर्गेन हें प्रसिद्ध बंदर निराळें. हें बर्गेन उत्तर हॉलंड प्रांतांत, आल्कमार शहरापासून तीन-साडेतीन मैलांवर आहे. तेथील लोक या नांवाचा उच्चार ‘बेर्खन’ असा, कांहींसा घशांतून, करतात. गांवाच्या पश्चिमेस वाळूच्या टेकड्यांची रुंद रांग आहे आणि तिच्या पलीकडे, सुमारें तीन मैलांवर, उत्तर समुद्राच्या कांठीं ‘बर्गेन आन झे’, म्हणजे समुद्रकांठचें बर्गेन, ही दुसरी लहानशी वस्ती आहे. एक गांव झाडींत, दुसरें वाऱ्यांत. दोहोंस जोडणारा रस्ता टेकड्यांमधून जातो, आणि चालणारा मनुष्य तो तासाभरांत सहज कापतो.

डच भाषेंत ‘बर्गेन’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक अर्थ डोंगर. दुसरा अर्थ क्रियापदाचा आहे : सांभाळून ठेवणें, संकटांतून काढून सुरक्षित जागीं नेणें. फुटलेल्या गलबतांतील माल वांचवून कांठास आणणें, यासही हाच शब्द लावतात. गांवाच्या नांवाचा या दुसऱ्या अर्थाशीं व्युत्पत्तीनें संबंध आहे असें मला म्हणावयाचें नाहीं. परंतु या गांवाचा इतिहास वाचतांना हा दुसरा अर्थच मनांत घोळत राहतो. कलेस राजाश्रय हवा कीं लोकाश्रय हवा, हा आपल्याकडील जुना वाद आहे. बर्गेनमध्यें राजा नव्हता आणि कलेसाठीं झटणारा मोठा लोकसमूहही नव्हता. होतीं तीं मोजकीं माणसें. त्यांनीं जागा दिली, झाडें राखलीं, चित्रें विकत घेतलीं, आणि पुढें वेळ आली तेव्हां कांहींनीं ‘नाहीं’ म्हणण्याचें धैर्यही दाखविलें. असा आसरा काय करूं शकतो आणि काय करूं शकत नाहीं, हें या गांवाकडून शिकण्यासारखें आहे.

गांवांत शिरणाऱ्यास प्रथम दिसतें तें एक पडकें प्रार्थनामंदिर. लोक त्यास ‘रुइनेकेर्क’, म्हणजे भग्न चर्च, असेंच म्हणतात. गांवच्या ऐन मध्यभागीं तें उभें आहे. याविषयीं एक दंतकथा आहे. सन १४२१ मध्यें समुद्रास प्रचंड उधाण आलें आणि किनाऱ्यावरील पेटन गांवचें चर्च वाहून गेलें. तेथील पूजेच्या वस्तूंची एक पेटी पाण्यावर तरंगत बर्गेनच्या बाजूस लागली. गांवकऱ्यांनीं ती उचलून आणली. पुढें त्या पेटींतील पाण्याचें रक्त झाल्याचा चमत्कार घडला, असें भाविक सांगत आणि त्यामुळें बर्गेन हें यात्रेचें ठिकाण झालें. कथेंतला चमत्कार ज्याचा त्यानें मानावा. ‘समुद्रानें टाकलेलें गांवानें उचललें’, एवढा तिचा गाभा मात्र ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

त्या यात्रेच्या चर्चचा नाश परक्या शत्रूनें केला नाहीं. सोळाव्या शतकांत डच लोकांनीं स्पेनच्या राजाविरुद्ध बंड उभारलें. १५७३ मध्यें स्पॅनिश सैन्यानें आल्कमारला वेढा घातला. तेव्हां डच लोकांनीं स्वतःचेच बांध फोडून शेतांत पाणी सोडलें आणि ८ ऑक्टोबर रोजीं शत्रूस वेढा उठवावा लागला. विजयाची सुरुवात आल्कमारपासून झाली, असें डच लोक आजही म्हणतात. परंतु पुढच्याच वर्षीं, १५७४ मध्यें, याच बंडखोरांनीं बर्गेनचें चर्च जाळलें. स्वातंत्र्याचें युद्धही आपल्याच घरास आग लावूं शकतें, याची ही खूण होय. त्या शतकाच्या अखेरीस गांवकऱ्यांनीं चर्चच्या पूर्वेकडील गाभाऱ्यावर तेवढें छप्पर घातलें आणि तेथें उपासना सुरू केली. उरलेल्या उंच भिंती जशाच्या तशा राहूं दिल्या. गेलीं सवाचारशें वर्षें त्या उघड्या आकाशाखालीं उभ्या आहेत. अर्धें मंदिर चालतें आणि अर्धें पडकें आहे. गांवानें पडका भाग पाडून टाकला नाहीं आणि नवा करण्याचा हट्टही धरला नाहीं.

दुसरें मोठें संकट १७९९ सालीं आलें. त्या वर्षीं मे महिन्यांत इकडे श्रीरंगपट्टणास टिपूचा पाडाव झाला, आणि ऑगस्टच्या अखेरीस इंग्रजांचें सैन्य उत्तर हॉलंडच्या किनाऱ्यावर उतरलें. त्या काळीं हॉलंड फ्रेंचांच्या पंखाखालीं होतें. रशियाचें सैन्य इंग्रजांच्या मदतीस आलें. १९ सप्टेंबर रोजीं रशियन सैनिक जनरल हेर्मान याच्या हाताखालीं, इतर तुकड्यांची वाट न पाहतां, पहाटेंच पुढें घुसले. त्यांनीं बर्गेन घेतलेंही. पण फ्रेंच आणि डच फौजेनें त्यांना गांवांतच कोंडलें. घरांच्या आणि झाडांच्या आडून झालेल्या त्या लढाईंत असंख्य माणसें पडलीं आणि हेर्मान स्वतः कैद झाला. पुढें ऑक्टोबरांत आणखी दोन लढाया झाल्या, १८ तारखेस आल्कमार येथें तह ठरला आणि इंग्रज व रशियन सैन्यें परत गेलीं. एवढ्या रक्तपातानें कोणाच्याही पदरांत कांहीं पडलें नाहीं. बर्गेन येथें त्या रशियन मृतांचें स्मारक आहे. जे सैनिक गांव जिंकावयास आले, त्यांच्याही नांवानें गांवांत दगड उभा आहे, ही गोष्ट मला लहान वाटत नाहीं.

आतां आपण त्या पर्वाकडे वळूं, ज्यामुळें बर्गेनचें नांव झालें. एकोणिसाव्या शतकांत बर्गेनची जहागीर फान रेनेन नांवाच्या घराण्याकडे आली. या घराण्यांतील याकोब फान रेनेन हे १८८५ पासून तीस वर्षांहून अधिक काळ गांवचे बर्गोमास्तर, म्हणजे सरकारनियुक्त प्रमुख, होते. त्यांची पत्नी मारी फ्योल्टर ही जन्मानें जर्मन. या पतिपत्नींनीं आपली जमीन पाडून विकण्यास काढली. पण ती झाडें तोडून आणि चौकोन आंखून विकली नाहीं. रस्ते झाडींतून वळत नेले आणि घरें विरळ ठेवलीं. यांत व्यवहार नव्हता असें नाहीं. जमीन विकली म्हणजे पैसा येतो, हें तेंही जाणून होतीं. परंतु व्यवहार आणि रसिकता हीं एका घरांत नांदूं शकतात, याचें हें उदाहरण आहे. पुढें जे चित्रकार येथें आले, ते येथील झाडी आणि प्रकाश पाहून आले. ती झाडी कोणी तरी राखली होती म्हणून शिल्लक होती.

१९०६ सालीं याच दांपत्यानें टेकड्यांपलीकडे समुद्रकांठचें बर्गेन वसविलें. त्यापूर्वीं तेथें वाळू आणि वारा यांखेरीज कांहीं नव्हतें. या किनाऱ्यावरील टेकड्या हॉलंडांतील सर्वांत रुंद आणि उंच होत; जवळच्या स्खोर्ल गांवापाशीं त्यांची उंची दीडशें फुटांहून अधिक भरते. सारा हॉलंड समुद्रापासून वांचतो तो या वाळूच्या भिंतीमुळें. पण वाळू ही मुळांत चंचल. आपल्या कोंकणकिनाऱ्यावर मर्यादवेल जसा वाळू धरून ठेवतो, तसें तेथें ‘हेल्म’ नांवाचें करकरीत गवत आपल्या खोल मुळांनीं टेकडी बांधून ठेवतें. वाऱ्यानें वाळू अंगावर टाकली कीं तें मरत नाहीं, उलट वर सरकून आणखी वाढतें. पाऊल पडून तें तुडवलें गेलें कीं मात्र टेकडी उडूं लागते. म्हणून आजही तेथें आंखून दिलेल्या वाटांनींच चालावें लागतें आणि तो नियम लोक निमूटपणें पाळतात.

नव्या वस्तींत रस्ते झाले, हॉटेलें झालीं, बंगले उठले. अ‍ॅमस्टरडॅमच्या जुन्या अनाथाश्रमानें १९०८ सालीं आपल्या मुलांस समुद्राची हवा मिळावी म्हणून तेथें एक मोठें ‘समुद्रगृह’ बांधलें. आल्कमारहून बर्गेनपर्यंत १९०५ सालींच वाफेची ट्राम सुरू झाली होती. १९०९ सालीं ती समुद्रापर्यंत नेण्यांत आली. तिच्या इंजिनास लोकांनीं ‘बेल्लो’ असें लाडकें नांव दिलें. शहरांतील कारकून, शिक्षक, त्यांचीं बायकामुलें, सारीं या बेल्लोंतून समुद्र पाहावयास येत. पुढें १९५५ सालीं ती ट्राम बंद पडली. पण एक इंजिन लोकांनीं मोडींत जाऊं दिलें नाहीं, जतन करून ठेवलें.

१९१४ सालीं पहिलें महायुद्ध पेटलें. हॉलंड तटस्थ राहिलें आणि बेल्जममधून लाखों निर्वासितांचा लोंढा सरहद्द ओलांडून आंत आला. लेओ गेस्टेल या चित्रकारानें त्या निर्वासितांचीं हृदयद्रावक रेखाटनें केलीं आहेत. याच गेस्टेलनें बर्गेनला आपलें घर मानलें होतें. त्याच सुमारास आंरी ल फोकोनिये नांवाचा एक फ्रेंच चित्रकार हॉलंडांत होता. युद्धामुळें तो तेथेंच अडकला आणि १९२० पर्यंत तेथें राहिला. पॅरिसमधील नव्या घनवादी चित्रकलेंत तो मुरलेला होता. त्याच्या सहवासानें तरुण डच चित्रकारांस नवी वाट दिसली. गेस्टेल, मात्यू आणि पीत वीखमान हे बंधू, दिर्क फिलार्स्की, आर्नाउट कोल्नोट, एल्स बेर्ख आणि तिचा पति मोमी श्वार्त्स यांच्या चित्रांस पुढें ‘बर्गेन संप्रदाय’ हें नांव मिळालें. त्याचा भर १९१५ ते १९२५ या दहा वर्षांतला.

हीं चित्रें प्रथमदर्शनीं डोळ्यांस सुखवीत नाहींत. गडद तपकिरी, मातकट पिवळा, काळसर हिरवा असे त्यांचे रंग. झाड असो, घर असो कीं मनुष्याचा चेहरा, त्याचे पैलू पाडल्यासारखे दिसतात आणि रंगाचा थर जाड असतो. वस्तु दिसते तशी न काढतां ती मनावर जो भार टाकते तो काढावयाचा, हा त्यांचा प्रयत्न होता. हॉलंड तोफांच्या माऱ्याबाहेर होतें खरें, पण त्या भोंवतालच्या काळोखाची छाया या रंगांवर पडली आहे, असें मला तीं चित्रें पाहतांना वाटलें.

चित्रें काढून पोट भरत नाहीं. बर्गेनच्या चित्रकारांस जो आधार मिळाला तो पीत बूंडरमाकर या अ‍ॅमस्टरडॅमच्या जमीनजुमल्याच्या व्यापाऱ्याचा. हा गृहस्थ त्यांचीं चित्रें एकदोन नव्हे, ढिगांनीं विकत घेई, आणि पुढें स्वतःही बर्गेनला येऊन राहिला. ज्या चित्रांस बाजारांत विचारणारें कोणी नव्हतें, तीं त्यानें भिंतीवर लावलीं. त्या संग्रहांतील कित्येक चित्रें आज आल्कमारच्या संग्रहालयांत आहेत. तराजू बाळगणारा वलंदेज येथेंही आहेच. फक्त त्याच्या पारड्यांत मिरीऐवजीं चित्रें आलीं.

त्याच युद्धकाळांत, १९१५ ते १९१८ या वर्षांत, गांवच्या झाडींत ‘मेरवाइक’ नांवाची सतरा घरांची वसाहत उभी राहिली. आर्नोल्ड हायस्टे या फरशांच्या व्यापाऱ्यानें पांच तरुण वास्तुशिल्पकारांस मोकळीक दिली आणि त्यांनीं गवतानें शाकारलेलीं, वळणदार, कोठें नौकेसारखीं तर कोठें घरट्यासारखीं दिसणारीं घरें रचलीं. या पांचांत मार्गारेट क्रोफोलर ही होती. हॉलंडांतील पहिली स्त्री वास्तुशिल्पकार म्हणून तिचें नांव घेतात. कवि आद्रियान रोलांड होल्स्ट १९१८ सालीं बर्गेनला आला आणि १९७६ सालीं मृत्यु येईपर्यंत हेंच त्याचें गांव राहिलें. १९२१ सालीं कलावंतांनीं आपला संघ स्थापिला. त्याच वर्षीं शार्ली टोरोप या चित्रकर्त्रीनें येथें आपलें घर बांधविलें. तिचा पिता यान टोरोप हाही थोर चित्रकार. त्याचा जन्म १८५८ सालीं जावा बेटांत झाला होता. शार्लीचें ‘मित्रांचें भोजन’ हें १९३२-३३ मधील चित्र प्रसिद्ध आहे. एका मेजाभोंवतीं चित्रकार, शिल्पकार, वास्तुशिल्पकार रीटफेल्ड, कवि रोलांड होल्स्ट अशी मंडळी दाटीनें बसलीं आहेत आणि सारे सरळ आपल्याकडे पाहत आहेत. बर्गेन म्हणजे काय, हें सांगण्यास तें एक चित्र पुरेसें आहे.

परंतु आसऱ्याची परीक्षा मेजवानीच्या वेळीं होत नाहीं. १९२९ सालीं गेस्टेलच्या बर्गेन येथील चित्रशाळेस आग लागली आणि त्याचें पुष्कळसें काम भस्म झालें. त्याहून मोठी आग ११ वर्षांनीं आली. १० मे १९४० च्या पहाटेस जर्मन विमानांनीं बर्गेनच्या विमानतळावर बाँब टाकले आणि पांच दिवसांत हॉलंड पडलें. पुढें इंग्रज समुद्रावरून उतरतील या भयानें जर्मनांनीं सारा किनारा तटबंदीखालीं आणला. समुद्रकांठच्या बर्गेनमधील लोकांस घरें सोडावयास लावलीं आणि वस्तीचा बहुतेक भाग पाडून टाकला. फान रेनेन यांनीं वाळूंतून उभें केलेलें गांव चाळीस वर्षांच्या आंतच वाळूस मिळालें. समुद्रगृह उरलें, आणि १९१८ सालीं बांधलेलें, शांतीचें नांव धारण करणारें लहानसें चर्च उरलें.

जर्मनांनीं कलावंतांसाठीं एक संस्कृतिमंडळ काढलें. त्याचें सभासद झाल्याशिवाय चित्र प्रदर्शनांत मांडतां येत नसे कीं पुस्तक छापतां येत नसे, आणि ज्यूंस त्यांत प्रवेश नव्हता. रोलांड होल्स्टनें सभासद होण्याचें नाकारलें; शार्ली टोरोपनेंही नाकारलें. उपजीविकेचें साधन हातचें जाईल हें ठाऊक असतां त्यांनीं तें केलें. पण एल्स बेर्ख आणि मोमी श्वार्त्स या दांपत्यास कोणत्याच नकारानें वांचवितां आलें नाहीं. तीं ज्यू होतीं. त्या वेळीं तीं अ‍ॅमस्टरडॅमला राहत होतीं. नोव्हेंबर १९४२ मध्यें त्यांस पकडून औशवित्झला नेलें आणि तेथें ठार मारलें. एल्स पासष्ट वर्षांची होती, मोमी सहासष्टांचा. ज्या मंडळींत तीं वाढलीं, ज्या झाडींत त्यांनीं चित्रें काढलीं, त्यांतलें कांहींही त्यांच्या उपयोगीं पडलें नाहीं. त्यांचीं चित्रें जपलीं गेलीं. माणसें जपलीं गेलीं नाहींत. बर्गेनची स्तुति करणाऱ्यानें ही ओळ गाळूं नये.

युद्धाच्या त्याच वर्षांत, १९४१ सालीं, शार्ली टोरोपनें एक चित्र आरंभिलें. तें पुरें व्हावयास १९५० साल उजाडलें. त्याचें नांव ‘तीन पिढ्या’. त्यांत मागें पित्याच्या मुखाचें भव्य शिल्प आहे, एका बाजूस चित्रकार पुत्र एडगर आहे, आणि पुढें हातांत कुंचला घेतलेली ती स्वतः आहे. त्या चेहऱ्यावर आनंद नाहीं, पण डोळे मिटलेलेही नाहींत. तें चित्र आज रॉटरडॅमच्या संग्रहालयाच्या मालकीचें आहे. शार्ली १९५५ सालीं बर्गेनलाच वारली.

युद्धानंतर समुद्रकांठचें बर्गेन पुन्हा बांधलें गेलें. नवीं घरें साधीं आहेत. जुन्या बंगल्यांची शोभा त्यांस नाहीं. मूळ गांवांत कवि आणि चित्रकार ल्यूसबेर्ट १९५३ पासून राहिला. १९९३ सालीं ‘क्रानेनबुर्ख’ हें संग्रहालय उघडलें, २०१३ सालीं त्यास नवी इमारत जोडली गेली, आणि बर्गेन संप्रदायाचीं चित्रें आज तेथें पाहावयास मिळतात. दर ऑक्टोबरांत दहा दिवस गांवांतील घरें, बागा, चर्चें, दुकानें यांत चित्रें आणि शिल्पें मांडलीं जातात व लोक घराघरांतून हिंडून तीं पाहतात. रोलांड होल्स्टचें घर लेखकांस कांहीं काळ राहून लिहिण्यासाठीं राखून ठेवलें आहे.

असें असलें तरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आज बर्गेन हें धनिकांच्या वस्तीचें गांव आहे. कलावंतांमुळें गांवास कीर्ति मिळाली, कीर्तीमुळें जमिनीस किंमत आली, आणि आतां तेथें घर घेणें निर्धन तरुण चित्रकारास परवडण्यासारखें राहिलें नाहीं. १९१५ सालचा गेस्टेल आज आला तर त्यास खोली मिळेल काय, हा प्रश्न केवळ बर्गेनचा नाहीं. जेथें जेथें कलेनें एखाद्या जागेस शोभा आणली, तेथें तेथें तो केव्हां तरी उभा राहतो. लेखकांसाठीं राखलेलें तें एक घर म्हणूनच मला संग्रहालयाहून मोलाचें वाटतें. संग्रहालय झालेल्या कामास आसरा देतें; तें घर व्हावयाच्या कामास देतें.

आपल्यापैकीं कोणास हॉलंडला जाण्याचा योग आला, तर अ‍ॅमस्टरडॅमचीं मोठीं संग्रहालयें अवश्य पाहावीं. पण एक दिवस बर्गेनसाठीं ठेवावा. सकाळीं भग्न चर्चच्या भिंती पाहाव्या, दुपारीं चित्रें पाहावीं, आणि उतरत्या उन्हांत टेकड्यांमधील रस्त्यानें समुद्राकडे चालावें. वाटेंत वाऱ्यानें लवणारें हेल्मचें गवत दिसेल. त्याची एक काडी उपटली तर मुठींत कांहींच येत नाहीं, आणि त्याच्याच मुळांवर अख्खी टेकडी उभी आहे. गांवांचेंही तसेंच असतें. फान रेनेन दांपत्य, बूंडरमाकर, हायस्टे यांपैकीं कोणीही स्वतः चित्रकार म्हणून इतिहासांत नांव मिळविलें नाहीं. त्यांनीं केलें तें एवढेंच, कीं वाळू धरून ठेवली.